बुवा गेल्याची बातमी

"अरे, पण मी गेलो कधी?" बुवांनी विचारलं.

निनाद मान खाली घालून उभा होता.

"काल संध्याकाळी," तो म्हणाला. "दिवेलागणीच्या सुमारास."

"असं का? तेव्हा मी मेथी निवडत होतो."

बुवांनी चहाचा घोट घेतला. ओसरीसमोर मठाच्या अंगणात पहाटेपासून माणसं जमत होती. कोणाच्या हातात हार, कोणाच्या गळ्यात मृदंग. बुवांना भजन म्हणत निरोप द्यायचा, असं ठरवूनच मंडळी निघाली होती. उंब्रजच्या सगुणाबाई पूर्ण घाट रडत चढल्या होत्या. ओसरीवर बुवा धडधाकट चहा पिताना दिसले, तेव्हा त्या आणखीच मोठ्याने रडू लागल्या. एवढं सुरू केलेलं रडणं आता थांबवायचं कसं, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

शेंडोलीच्या मठाचा एक ब्लॉग होता. आत्मारामबुवा रोज सकाळी चार ओळी सांगत. त्या तिथे लागत आणि वाचकांना मेलनेही जात. कोणी साताऱ्यात वाचे, कोणी दुबईत, कोणी इस्पितळातल्या खाटेवर पडून.

निनाद बर्वे इथे आला तो पुण्यातली नोकरी सोडून. पोरगा हुशार, आणि ते त्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. मठाचा जुना ब्लॉग बघून त्याने नाक मुरडलं आणि नवा उभा करायला घेतला. बदल्यात आपल्याला काही नको, असं तो म्हणे. हवा होता फक्त बुवांचा अनुग्रह. बुवांनी तो दोनदा टाळला होता. आता विचारायचं ते काहीतरी दाखवण्यासारखं हातात घेऊनच, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

आणि हातात हे आलं होतं.

अनुग्रहाचं तर नावच नको, दुपारच्या एसटीत आपल्याला बसवून देतील, अशी त्याला भीती होती. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याला मनापासून हवी होती.

"झालं काय, ते मला समजेल असं सांग," बुवा म्हणाले.

"साईट एकच असते, बुवा. पण ती दोन जागी चालते. एक माझ्या लॅपटॉपवर. तिथे काहीही लिहून बघायचं, मोडायचं, पुन्हा जोडायचं. दुसरी बाहेर, सर्व्हरवर. ती लोक बघतात."

"मग साईटला कसं कळतं, आपण घरी आहोत की बाहेर?"

प्रश्न अगदी नेमका होता. निनादला त्या अवस्थेतही जरा बरं वाटलं.

"सेटिंगवरून. घरची फाइल वेगळी, बाहेरची वेगळी. घरच्या फाइलमध्ये पत्ता लॅपटॉपचा, वाचकांची नावं खोटी. मेल तर कुठे जातच नाही, लॅपटॉपमध्येच एका कोपऱ्यात पडून राहतो. बाहेरच्या फाइलमध्ये सगळं खरं."

"आणि काल?"

"काल मी... बाहेरची फाइल घरी लावली."

"का रे?"

"मेल वाचकाला नेमका कसा दिसेल ते बघायचं होतं. पाठवणार नव्हतोच मी. घरचं निराळं, बाहेरचं निराळं, हे सगळं नवशिक्यांसाठी असतं, असं मला... म्हणजे माझ्या हातून चूक होत नाही, असं मी धरून चाललो होतो."

"पण पाठवायचं बटण?"

"दाबलं गेलं."

"दाबलं गेलं," बुवांनी मान डोलवली. "कोणाकडून?"

"माझ्याकडून."

"बरं. आणि लिहायला तुला माझं मरणच सापडलं?"

"चाचणीला काहीतरी मोठा मजकूर लागतो, बुवा. ही बातमी तर कधी ना कधी द्यावी लागणारच. त्या दिवशी सगळे वाचक एकदम साईटवर येतील. ती कोसळता कामा नये. म्हणून मी आधीच..."

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, जीभ चावावी.

बुवा मात्र हसले. चांगले ठसका लागेपर्यंत हसले. हसता हसता त्यांनी चष्मा चढवला, लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि स्वतःच्या निधनाची वार्ता वाचायला घेतली.

"'बुवांना आयुष्यात कोणाचाही राग आला नाही.' साफ खोटं. परवाच दूधवाल्यावर ओरडलो. 'अखेरच्या क्षणी त्यांच्या ओठांवर स्मित होतं.' तू होतास का तिथे?"

बुवांनी पुन्हा पहिल्यापासून नजर फिरवली.

"पण लिहिलंयस छान. मलाही वाईट वाटलं."

"बुवा, मी सगळं निस्तरतो. पहाटे माणसं आली तेव्हा कुठे मला कळलं. बातमी साईटवरून काढून टाकलीय. आता सगळ्यांना दुसरा मेल जाईल, तो लिहून तयार आहे. फक्त पाठवायचाय." त्याने घाईघाईने वाचून दाखवला. "'सर्व्हरमधील तांत्रिक बिघाडामुळे एक चुकीचा संदेश प्रसारित झाला. क्षमस्व.'"

"हा सर्व्हर असतो कुठे?"

"मुंबईत. एका मोठ्या इमारतीत."

"तो बिघडला होता?"

"नाही."

"बिचारा," बुवा म्हणाले.

अंगणात कोणीतरी मृदंगावर थाप मारून बघितली आणि लगेच हात आवरला. जिवंत माणसासमोर आता नेमकं काय म्हणायचं, हा पेच भजनी मंडळालाही पडला होता.

"मला एक सांग," बुवा म्हणाले. "तुझी ती साईट घरी चुकली, तर काय करते?"

"सगळं दाखवते. कोणत्या फाइलमध्ये चुकलं, कितव्या ओळीत चुकलं, पडद्यावर लालभडक लिहून येतं. त्याशिवाय दुरुस्त कसं करणार?"

"आणि बाहेर चुकली तर?"

"बाहेर एवढंच, की 'काही अडचण आली आहे, थोड्या वेळाने पुन्हा या.' आतलं परक्याला दाखवायचं नसतं. कोणी गैरफायदा घेईल."

"शहाणी आहे."

"हो, ही सेटिंग तर फार महत्त्वाची. उलटी झाली की घात."

बुवांनी कप खाली ठेवला. चष्मा काढला.

"तू माझ्यासमोर बसतोस रोज. कोणती फाइल लावून बसतोस?"

मठात आल्यापासूनचे दिवस निनादला आठवले. ध्यानात मन लागलं नाही, तरी 'छान झालं' म्हणायचं. बुवांचं बोलणं डोक्यावरून गेलं, तरी मान हलवायची. पहाटे उठायचा कंटाळा आला, की अंग दुखतंय म्हणायचं. बुवांना त्याने कायम नीट पुसलेलं तेवढंच दाखवलं होतं. त्याला लाज वाटली. पण इतके दिवस छातीवर घेऊन फिरत असलेलं काहीतरी सैल झाल्यासारखंही वाटलं.

"बुवा, ती बातमी मी बराच वेळ वाचत बसलो होतो. शब्द बदलत होतो. पुन्हा वाचत होतो. तुम्ही खरंच गेलात तर आपलं काय होईल, हा विचार एकदाही मनात आला नाही. लोक वाचून विचारतील, हे लिहिलं कोणी, तेवढाच आला. त्या नादात बटण दाबलं."

"चूक कितव्या ओळीत?"

"पहिल्याच." तो म्हणाला. "तिथे मी स्वतःला तुमचा पट्टशिष्य म्हटलंय."

"वाचलं मी ते."

"तुम्ही मोठ्याने नाही वाचलंत."

बुवांनी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

"मला परत पाठवणार आहात का?"

"अंगणात माणसं उभी आहेत, निनाद. उपाशी आहेत. आपलं मागाहून बघू."

ओसरीच्या मागे एक दार होतं आणि दारातून खाली एसटीच्या फाट्याकडे पायवाट जात होती. निनादची नजर तिकडे गेली, नाही असं नाही. मग त्याने ती तिथून वळवली. जायचं तर जाऊ, पण समोरच्या दाराने जाऊ, असं त्याच्या मनाने घेतलं. तो खाली मांडी घालून बसला.

आधी त्याने बाहेरची फाइल लॅपटॉपवरून काढली. घरची जागेवर लावली. खोट्या नावांना एक मेल धाडून बघितला. तो मुकाट्याने आपल्या कोपऱ्यात जाऊन पडला. मग तांत्रिक बिघाडाचा मजकूर पुसला आणि नव्याने चार ओळी लिहिल्या. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. आधी त्या कोपऱ्यातच पाठवून शेवटपर्यंत वाचल्या, आणि मग बाहेरच्या सर्व्हरवरून खऱ्या वाचकांना सोडल्या. या वेळी बटण 'दाबलं गेलं' नव्हतं, त्याने दाबलं होतं.

तेच अंगणात जाऊन सांगायचं होतं. ते अवघड होतं. पडद्यावर माणसांचे चेहरे दिसत नाहीत.

तो पायरीवर उभा राहिला.

"बुवा गेल्याची बातमी खोटी होती. ती मी लिहिली आणि मीच पाठवली. मशीन बिघडलं नव्हतं. बातमीत मी स्वतःला बुवांचा पट्टशिष्य म्हटलं, तेही खोटं. मला बुवांनी अजून अनुग्रहसुद्धा दिलेला नाही."

गराडेवाडीचे खाशाबा पुढे आले. रागाने त्यांचं नाक लाल झालं होतं.

"आरं, म्हातारीला पाठीवं घिऊन घाट चढलोय मी! तिनं कालपास्नं पान्याचा थेंब घेतला न्हाई. लाज न्हाई वाटत तुला?"

"वाटते," निनाद म्हणाला.

"मंग?"

"तुम्ही बोला. मी इथेच आहे."

खाशाबा बोलले. पोटभर बोलले. त्यांचं झाल्यावर आणखी दोघं-तिघं बोलले, आणि एक निवृत्त मास्तर तर शुद्ध मराठीत बोलले, ते जास्त लागलं. निनाद हलला नाही. मग पायरी उतरला आणि एकेकापुढे जाऊन वाकला. म्हातारीला त्याने स्वतःच्या हाताने पाणी दिलं. कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी पाय मागे घेतले. शेवटच्या माणसापर्यंत जायचंच, असं ठरवून तो जात राहिला.

शेवटी सगुणाबाई होत्या. त्यांचं रडणं आता थांबलं होतं, पण हातातल्या झेंडूच्या हाराकडे त्या अडचणीने बघत होत्या.

"म्हाराज," त्यांनी ओसरीकडे बघून विचारलं, "आन् ह्यो हार कुटं ठिवू? मयताच्या नावानं आनलाय. द्येवाला वाहता येत न्हाई, घरी माघारी न्येता येत न्हाई."

खरंच होतं ते. सगळ्यांनी आपापल्या हातातल्या हारांकडे पाहिलं. शास्त्र कोणाला माहीत नव्हतं, पण असा हार घरी नेत नाहीत, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

बुवा उठले. सावकाश पायऱ्या उतरले, सगुणाबाईंच्या हातातून हार घेतला, आणि निनादच्या गळ्यात घातला.

"अगं बाई!" कोणीतरी ओरडलं. "म्हाराज, तरन्याताठ्या पोराला? अशुभ हाय ते!"

निनादने बुवांकडे पाहिलं. मग मान आणखी खाली वाकवली, हार नीट बसावा म्हणून.

निनादच्या खांद्यावर हात ठेवून बुवा गर्दीकडे वळले.

"आलात ते बरं केलंत," ते म्हणाले. "बातमी खरी होती. नाव तेवढं चुकलं."