शनवारच्या चुलीची कहाणी

ऐका बायांनो, शनवारच्या चुलीची कहाणी. पोरांना गप्प करा, हातातलं निवडण खाली ठेवा.

आटपाट गाव होतं, खाडीच्या काठी होतं. तिथं इसादास म्हणून एक ख्रिस्ती राही, चिऱ्याच्या खाणीत दगड फोडी. त्याची बायको शेवंता. त्यांना एकच लेक, मार्था. ती सहाव्या वर्षी तापानं गेली. मग शेवंता जेवेना, झोपेना, कोणाशी बोलेना. शेजारी तेल्याचं घर होतं. हे तेली इस्राएल लोक, अब्राहामाच्या वंशातले. शनवारी ते घाणा फिरवीत नसत, चूल पेटवीत नसत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. घरात सून मिलकाबाई, आणि तिची सासू सारूबाई, नव्वदीची, तोंडाचं बोळकं झालेली.

एके दिवशी घरोघर बायबल वाचून दाखवणारी एक म्हातारी बायबलबाई शेवंताच्या दारी आली. पाणी मागितलं. शेवंतानं पाणी दिलं आणि रडू लागली.

"बाई, बाई, का रडतेस?"

"माझी लेक मातीत आहे."

"देवानं शब्द दिलाय, शेवटल्या दिवशी तिला मातीतून उठवीन म्हणून. त्यावर विसंबून राहा."

"मन विसंबत नाही. काय करू?"

"तुला एक वसा सांगते. पण तू उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

मग म्हातारी म्हणाली, "देवानं पहिला शब्द तुला नाही दिला, तुझ्या शेजारणीच्या वाडवडिलांना दिला. तू मागून आलीस. दर शनवारी तिच्या घरी जावं, चूल पेटवावी, तिच्या सासूची पेज ऊन करून द्यावी. 'देवा, यांना दिलेला शब्द तू पाळतोस, तसा मला दिलेलाही पाळशील,' असं म्हणावं. आणि त्यांच्यापुढं कधी तोरा मिरवू नये."

शेवंतानं वसा घेतला. शनवारी चूल पेटवी, आदितवारी लेकीच्या थडग्यापाशी जाई. "मार्थे, त्यानं शब्द दिलाय गं," म्हणे, आणि घरी येऊन दोन घास खाई. एक वर्ष झालं, दोन झाली, तीन झाली. इसादास खाणीवर मुकादम झाला. घरावर कौलं आली. शेवंताला चर्चात पुढच्या चटईवर जागा मिळाली. आणि बाई मातली. मातणारच, आपण काय कमी माततो?

मग शहरातून एक उपदेशक आला. म्हणाला, "जुन्या इस्राएल लोकांशी केलेला करार देवानं मोडला. आता वारस आपण." शेवंतानं ते जसंच्या तसं उचललं. विहिरीवर चारचौघींत मिलकाबाईला म्हणाली, "देवानं तुम्हांला टाकलं, आता शनवार कसला पाळता? मी काय तुमची मोलकरीण आहे?" मिलकाबाई भरलेली घागर उचलून घरी गेली.

पहिला शनवार आला. शेवंता केसांना तेल लावीत बसली, गेली नाही. दुसरा शनवार आला. पाहुण्यांना वडे तळीत बसली, गेली नाही. तिसरा शनवार आला. शेजारून म्हातारीचं खोकणं ऐकू आलं. हिनं खिडकी लावून घेतली.

मग आदितवारी थडग्यापाशी गेली. "मार्थे, त्यानं शब्द..." म्हणाली, आणि जीभ पुढं सरेना. मनात आलं, मिलकाबाईला दिलेला शब्द देवानं मोडला, हे मीच चारचौघींत सांगितलं. मग मला दिलेला तरी तो का पाळील? मी अशी कोण लागून गेले? तशीच घरी आली. पुन्हा जेवेना, पुन्हा झोपेना, पुन्हा कोणाशी बोलेना. गावातल्या बाया म्हणाल्या, शाप लागला. शाप कसला डोंबलाचा! बसल्या फांदीवर कुऱ्हाड घातली, पडली.

चौथा शनवार आला. शेवंता मान खाली घालून तेल्याच्या घरी गेली. सारूबाई म्हणाली, "आलीस? तीन शनवार गार पेज प्यायले. हिरड्या आखडल्या माझ्या."

"आजी, मी म्हणाले, देवानं तुम्हांला टाकलं."

"ऐकलं. मिलका दोन दिवस जेवली नाही."

"तुम्हांला राग नाही आला?"

"आला तर. माझ्या तोंडात दात असते तर तुला चावले असते." म्हातारी मग म्हणाली, "अगं, आम्ही त्याला सतरांदा विसरलो. वाडवडील विसरले, मीही विसरले. तो कधी म्हणाला नाही, तुम्ही विसरलात तर मीही विसरतो. तो काय तुझ्या विहिरीवरच्या बोलण्यानं विसरेल? तुझ्या येशूचं तुझं तू बघ, मी त्यात पडत नाही. आधी चूल पेटव."

शेवंता मिलकाबाईच्या पाया पडली. मिलकाबाईनं लगेच उठवलं नाही, जरा वेळानं उठवलं. मग शेवंतानं चूल पेटवली, पेज ऊन केली, वशाचे शब्द म्हटले. दुसऱ्या दिवशी थडग्यापाशी गेली आणि सगळं वाक्य बोलली, न अडता. घरी येऊन पोटभर जेवली.

मार्था परत आली का? नाही आली. मी तुम्हांला खोटं सांगणार नाही. शेवंता म्हातारी झाली, मरायला टेकली, तेव्हा मिलकाबाई उशाशी होती. शेवंता म्हणाली, "मिलके, तो उठवील ना गं मार्थाला?" मिलकाबाई म्हणाली, "आम्हांला अजून सोडलं नाही त्यानं. तुला कसा सोडील?" मग शेवंतानं सुखानं डोळे मिटले.

जसा तिचा जीव निवला, तसा तुमचा आमचा निवो. साठां शब्दांची कहाणी पांचां शब्दांत सांगितली, देवाच्या एका शब्दावर सुफळ झाली.