सरकारांच्या मिशीचं तेल

"पंपघर होणार ते फुलेल आळीतच!" राजे हैबतरावांनी मिशीला पीळ भरला आणि नकाशावर बोट दाबलं.

सोनवड संस्थानाचा हा राजा मनाचा भला, पण हट्टाला पेटला की देव आठवावा! विलायतेहून त्याने नवाकोरा पंप मागवला होता. गावच्या सगळ्या गटारांचं पाणी एका विहिरीत गोळा करायचं आणि पंपाने गावाबाहेर फेकायचं. गाव उतारावरचं, आणि उताराच्या तळाशी फुलेल आळी. वरच्या पेठांची घाण दर पावसाळ्यात तिथेच तुंबायची. तेव्हा पंप आळीला नको होता असं मुळीच नाही. पण आळीचं पोट सुगंधी तेलावर! घरोघरच्या पडव्यांत तिळात मोगऱ्याच्या कळ्या मिसळायच्या, त्या रोज बदलायच्या, सात दिवसांत तीळ वासाने भरले की घाण्यात घालायचे. आणि तिळाची खोड अशी, की शेजारी जे असेल त्याचा वास तो पितो. मोगरा असो की मोरी!

आळीतल्या सगुणाबाईचं तेल खुद्द सरकारांच्या मिशीला लागायचं, म्हणून आळीने तिलाच पुढे ढकललं. तिचं तोंड आजवर काही कुणापुढे बंद पडलं नव्हतं.

"सरकार, पंपघराला वास सुटला तर आमचे तीळ नासले. मग आम्ही खायचं काय?"

"वास?" कारभारी अंताजीपंत उसळले. "झाकण घट्ट, उपसा रोजचा. वासाचं नावसुद्धा नाही! माझा शब्द आहे."

"शब्द तर तुम्ही गेल्या साली मंडईमागची सांडपाण्याची कुंडी बांधतानाही दिला होता, पंत!"

दरबारात खसखस पिकली. पंतांचे कान लाल झाले. राजा मात्र चिडला.

"पंपघराची अजून एक वीट रचली नाही आणि तुला वास आलासुद्धा? ठीक! त्या न बांधलेल्या पंपघराचा वास बाटलीत भरून आण. माझ्या नाकाला पटला, तर तू सांगशील तसं करीन. आठ दिवस देतो. नाहीतर नवव्या दिवशी तुमच्या पडव्या पाडून कुदळ मारायला लावतो!"

घरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "जळ्ळं मेलं तुझं तोंड! तीन पिढ्यांची पडवी घालवलीस की गं!"

सगुणाला रडू फुटायच्या बेतात होतं. बसल्या बसल्या तिचा हात सवयीने तिळाच्या परडीत गेला, आणि ती एकदम उठलीच. "अहो सासूबाई, वास बाटलीत भरायचा ना? आपला जन्म गेला की त्यातच!"

तिने एकाच पोत्यातले तीळ दोन परड्यांत घातले. एक परडी पडवीत ठेवली, दुसरी डोक्यावर घेऊन मंडईमागे गेली. तिथे पंतांनी बांधलेली सांडपाण्याची कुंडी होती. पहारेकरी नाकाला फडकं बांधून बसला होता.

"इथे काय करतेस, सगुणाताई?"

"सरकारांच्या मिशीचं तेल."

"इथे? अगं, इथे माशीसुद्धा नाक धरून बसते!"

"पंत म्हणतात वास येत नाही. कुंडीचं झाकण कुठाय?"

पहारेकरी ओशाळला. "ते माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावलंय. पंत इकडे फिरकतात कधी?"

सात दिवस सगुणा दोन्ही परड्यांत ताज्या कळ्या घालत राहिली. आठव्या दिवशी दोन्ही तेलं वेगवेगळी गाळून दरबारात हजर झाली.

"सरकार, ही बाटली डाव्या मिशीची, ही उजव्या मिशीची."

राजाने ऐटीत डाव्या मिशीला बोट फिरवलं. "वा! काय मोगरा आहे!" मग उजव्या मिशीला.

"शी शी शी! अगं, हे काय माझ्या नाकाखाली!" राजा सिंहासनावरून उठला, खिडकीकडे धावला, परत आला. पळणार तरी कुठे? मिशी बरोबरच!

"तेच, सरकार! न बांधलेलं पंपघर!" सगुणा म्हणाली. "तीळ तेच, मोगरा तोच, घाणाही तोच. फक्त ही दुसरी परडी पंतांच्या कुंडीपाशी होती. तिथेही पंतांचा शब्द आहे आणि घट्ट झाकणही आहे. हल्ली ते कोंबड्या राखतं!"

राजाने पंतांकडे असं पाहिलं, की पंत खांबाआड सरकले. तीनदा शिकेकाई लावून मिशी धुऊन झाली तेव्हा कुठे सरकारांच्या तोंडून शब्द फुटला. "हरलो, बाई! सांग, पंपघर कुठे हलवू? टेकडीवर?"

"सरकार, पाणी काय चढण चढतं?" पंत खांबाआडून पुटपुटले.

"पंत बरोबर बोलतात," सगुणा म्हणाली. "पंपघर आमच्याच आळीत बांधा."

"खुळी झालीस का गं!" आळीची माणसं ओरडली.

"पाणी आपल्याच दारात तुंबतं ना? मग पंपही आपल्यालाच हवा." ती राजाकडे वळली. "पण सरकार, पंपघराची आणि माझ्या पडवीची भिंत एकच ठेवा. तुमच्या मिशीचं तेल कायम त्याच भिंतीला टेकलेल्या तिळांचं निघेल. झाकण उघडं राहिलं, एका दिवसाचा उपसा चुकला, तर आम्हाला अर्ज करायला नको की हेलपाटे घालायला नकोत. तुम्हाला नाकाखालीच कळेल!"

मग राजा जो हसत सुटला, तो ओल्या मिशीतलं पाणी मानकऱ्यांवर उडेपर्यंत हसला! हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने सगुणाला दिलं, आळीच्या सगळ्या पडव्या सरकारी खर्चाने पक्क्या बांधायचा हुकूम सोडला आणि पंपघराची देखरेखही तिच्याकडेच सोपवली.

"आणि पंतांनाही त्याच तेलाची बाटली देत जा," तो डोळे पुसत म्हणाला. "माझ्या आधी!"

पंतांचा हात हळूच वरच्या ओठाकडे गेला.

"खबरदार, पंत!" राजा गरजला. "मिशी काढलीत तर याद राखा!"