तिसऱ्या कांडणाचा तांदूळ

एक होता राजा. पण त्याला आपण उठवायचं नाही, तो आपला तिकडे राजधानीत लोळत पडलाय. का पडलाय, ते कळेल पुढे. आपली गोष्ट त्याच्या ताटातल्या तांदळाची, आणि तो तांदूळ कांडणाऱ्या अनशीची.

अनशी राहायची खाडीकाठी. राजाचा तांदूळ कांडायचा मान तिचा. पहिल्या कांडणाला वरचं तूस निघायचं, आत लाल दाणा दिसायचा. गाव तोच खायचा. दुसऱ्या कांडणाला लाली फिकी व्हायची. तो तांदूळ पाहुण्यांचा. आणि तिसऱ्या कांडणाला तो असा पांढरा व्हायचा, असा पांढरा, की खाडीवरचा बगळा लाजेनं चिखलात लोळायचा. खोटं वाटतं? बगळ्याचे पाय बघा जाऊन. अजून काळे आहेत!

अनशीच्या घरी दोन पोरी. तानी सवतीची. तिची आई देवाघरी गेलेली, म्हणून ती अनशीलाच आई म्हणायची. शेवंती पोटची. बाप गलबतावर, कधीतरी यायचा. मग अनशी काय करायची? राजाच्या तांदळातला मूठभर वाटा तिला मिळे, तो शिजवून शेवंतीला घालायची. "माझी शेवंती राजाच्या पंगतीचं जेवते," असं गावभर सांगायची. आणि तानीला? सुपात उरलेला कोंडा. तानी त्याची भाकरी थापायची, बांधावरच्या टाकळ्याचा पाला खुडून आणायची, मूठभर सुकट भाजायची. झालं जेवण.

आता गंमत ऐका, बरं का. त्या लाल दाण्याच्या सालीत राहायची इवलीइवली माणसं, लाल अंगरखेवाली. कुणी पोटात भूक पेटवायचं, कुणी गालांवर रंग चढवायचं, कुणी गुडघ्यांना तेल घालायचं. टाकळ्यात राहायची हिरव्या टोप्यांची, सुकटीत चांदीच्या डगल्यांची. शाळेत त्यांना जीवनसत्त्वं आणि खनिजं म्हणतात. तेव्हा कुणाला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा मुसळ पडलं की लाल माणसं रडतरडत कोंड्यात उतरायची. अनशीला बारीक गुणगुण ऐकू यायची. तिला वाटायचं, चिलटं आहेत.

मग काय झालं, शेवंतीची भूक गेली. अनशी म्हणाली, तांदूळ जाडाभरडा लागत असेल पोरीला. तिनं चौथ्यांदा कांडला. मग शेवंतीच्या गालांवरचा रंग गेला. अनशीनं आणखी कांडला, हाताला फोड येईस्तोवर कांडला. मग शेवंतीच्या पायांतलं बळ गेलं. लंगडी घालणारी पोर, उंबरा ओलांडताना पडली. अनशी पुन्हा मुसळाकडे धावली. माया होती हो तिची, वेडी माया. पण जितकी माया, तितका तांदूळ पांढरा, आणि जितका तांदूळ पांढरा, तितकी पोर पांढरी.

आणि तानी? ती तुकतुकीत गालांची, खाडीकाठानं धावणारी. अनशीच्या डोळ्यांत ते खुपायला लागलं. एकदा तिनं बघितलं, तानी शेवंतीच्या उशाशी बसून तिच्या तोंडाजवळ काहीतरी धरत होती.

"काय भरवतेस गं तिला? तूच काहीतरी करतेस माझ्या लेकीला!"

"आई, मी फक्त..."

"आई म्हणू नकोस मला! जा तुझ्या मामाकडे."

तानीनं फडक्यात दोन लुगडी बांधली, शेवंतीच्या पायांवरून हात फिरवला आणि तरीच्या होडीत बसून खाडीपलीकडे गेली.

मग कोंडा अंगणात साचत राहिला. खायला तोंडच उरलं नाही. लाल माणसं त्यावर बसून वाट बघायची. आणि शेवंतीनं अंथरूण धरलं ते धरलंच. पाय सुजले. छाती चिमणीसारखी धडधडायला लागली. एका दुपारी ती हळूच म्हणाली, "आई, मला ताईची भाकरी हवी."

"कोंड्याची? ती कशाला गं?"

"मी पडल्यापासून ताई रोज तिच्यातली अर्धी मला द्यायची. तू रागावशील म्हणून सांगितलं नाही."

अनशीच्या हातातली वाटी पडली. पांढरा भात सगळीकडे सांडला. तेव्हा कुठे तिला ती गुणगुण नीट ऐकू आली. "आम्हाला हाकललंस, आम्हाला हाकललंस."

अनशी तशीच पळत सुटली. तरीवाला जेवायला गेलेला. ती गळाभर पाण्यातून पलीकडे गेली, ओलेत्यानं तानीच्या मामाच्या दारात उभी राहिली. "चूक झाली" हे दोन शब्द काही तिच्या तोंडातून निघेनात.

तानीनं एवढंच विचारलं, "शेवंती चालते का?"

अनशीनं मान हलवली. नाही.

तानी उठली आणि निघाली.

मग तानीनं भाकरी थापली, टाकळा शिजवला, सुकट भाजली. लाल, हिरवी, चंदेरी माणसं ओळीनं शेवंतीच्या पोटात उतरली. आधी भूक आली, मग गालांवर रंग आला, मग हळूहळू पायांत बळ. शेवंती पुन्हा लंगडी घालायला लागली. राजालाही अनशीनं लालच तांदूळ धाडला, तर म्हणे तो उठून बसला आणि स्वतःच्या हातानं पाणी प्यायला. दरबारात केवढं कौतुक!

सगळं चांगलं झालं. एकच झालं नाही. तानी हसायची, कामं करायची, पण अनशीला आई म्हणेना. "अहो, पाणी ठेवलंय," म्हणायची. "अहो, ऊन उतरलं." अनशी कांडताना मधेच मुसळ थांबवायची, कान द्यायची. तो शब्द काही यायचा नाही. तिनंच तर म्हणू नकोस म्हटलं होतं ना.

मग एकदा तिघी जेवायला बसल्या. तानीनं आपली भाकरी मोडली, नेहमीसारखी अर्धी शेवंतीला दिली. उरलेल्या अर्धीचे पुन्हा दोन तुकडे केले, आणि एक अनशीच्या ताटात ठेवला. अनशीनं तो तुकडा खाल्ला. डोळ्यांतलं पाणी पडून खारट झाला होता, तरी सगळा खाल्ला.

आणि तिघी सुखानं राहिल्या, एका चुलीवर, एका रंगाचा भात खाऊन. आता ओढा गोधडी. तुमच्या पोटातली लाल माणसंसुद्धा पेंगुळलीत, त्यांना निजू द्या. निजा रे बाळांनो.