तालीस आणि लव्हाळा

एका राज्यात हिरण्यकेतू नावाचा राजा होता. मांत्रिक कालजंघाच्या जाचाला कंटाळून पळून आलेल्या विणकरांना त्याने अभय दिले. मांत्रिकाने ते परत मागितले. राजा म्हणाला, "दिलेला शब्द मी फिरवत नाही." मांत्रिकाने मूठभर राख फुंकली. राजा दिसेनासा झाला आणि आभाळातून मांत्रिकाचा आवाज आला, "डोंगरावर तालीस वृक्ष आणि लव्हाळा उभे आहेत. दोहोंतला एक तुमचा राजा. सूर्य मावळण्याआधी राणीने ओळखून त्याला हात लावावा. चुकली, तर सिंहासन माझे."

राणी मदयंती प्रधानासह डोंगरावर गेली. तालीस केवढा थोरला! सुयांसारखी पाने, लालचुटूक फळे. दोन हातांवर गवतासारखा वीतभर लव्हाळा. प्रधानाने तालीसाला शेला पांघरला, दुधाचा अभिषेकही उरकला. शहाण्यांना थोरवी उंचीतच दिसते, त्याला काय करावे!

"महाराणी, आपला राजा का लव्हाळा होईल? लावा हात."

तोच फांदीवरची साळुंकी बोलली, "राणी, घाई नको. छाया पाहा, फळ पाहा, काडी पाहा."

राणीने छाया पाहिली. तालीसाखाली एक पाते उगवले नव्हते. लव्हाळ्याच्या आडोशाला कोवळी रोपे होती. फळ पाहिले. साळुंकीने तालीसाचा गोड गर खाल्ला, बी थुंकली. "बीत विष आहे," म्हणाली. लव्हाळ्याचे दाणे मात्र चिमण्या खुशाल टिपत होत्या.

मग राणीने तालीसाची डहाळी चिमटीत धरली. ती गोल, गरगर फिरली. लव्हाळ्याची काडी धरली. तिला तीन धारा. बोटांत रुतल्या, पण काडी काही फिरेना. राणीचे डोळे भरून आले.

"शब्द न फिरवणारा माणूस काडी झाला, तरी फिरेल कसा?" असे म्हणून तिने लव्हाळा दोन्ही हातांनी कवटाळला.

लव्हाळ्यातून राजा उभा राहिला! तालीसाच्या खोडातून किंकाळी फुटली. राजाची पूजा लाटायला मांत्रिकच झाड होऊन बसला होता. शाप त्याच्यावर उलटला आणि तो मुळांसकट तिथेच अडकला. विणकर निर्धास्त झाले. प्रधान दुधाचा रिकामा हंडा घेऊन बघतच राहिला.

राजाने विचारले, "एवढ्याशा काडीवर राज्य पणाला लावलेस. भीती नाही वाटली?"

"फार वाटली, स्वामी. म्हणूनच घट्ट धरले."

नगरात नौबत झडली. राजाराणी हातात हात घालून पायीच वेशीतून आत आले. त्यांचा दिवस गोड झाला, तसा ऐकणाऱ्यांचाही होवो.