सापकड्याचं तिसरं वळण

“पण तिसऱ्याच वळणावर का मरते ती, महाराज? पहिली दोन तर हसतखेळत चढते!”

शिदोजीराव मठाच्या ओट्यावर बसले होते. बसले म्हणजे नुसते टेकले होते. निंबसरच्या या तरुण जहागीरदारांना स्वस्थ बसणं जन्मात जमलं नव्हतं.

भैरवगीर बाबा शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“ती म्हणजे कोण?”

“मोटार.”

“बरं.”

खाली वडाच्या सावलीत मोटार उभी होती. हिरवी, पितळी दिव्यांची, विलायतेहून बोटीनं आलेली. छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या सोडल्या तर पंचक्रोशीत दुसरी नव्हती.

उद्या सकाळी छावणीतल्या क्लबानं मोटारींची शर्यत लावली होती. छावणीतून निघायचं, सापकडा घाट चढायचा आणि माथ्यावरचा बंगला गाठायचा. आठ मोटारी. सात साहेबांच्या, आठवी शिदोजीरावांची. ‘पहिला नाही आलो तर पुन्हा मोटारीला हात लावणार नाही,’ असं ते भर दरबारात बोलून बसले होते. आणि इकडे तीन दिवस झाले, तिसरं वळण आलं की मोटार दोन उचक्या द्यायची आणि गप्प व्हायची. मग बैल जुंपून खाली आणायची.

“तुझा तो मेकॅनिक काय म्हणतो?”

शिदोजीरावांचे कान लाल झाले.

“त्याला सकाळीच काढून टाकला.”

“बरं.”

“का, ते तरी विचारा!”

“का?”

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. कायतान गोव्यातल्या म्हापशाचा. आगबोटींच्या इंजिनांवर हात बसलेला, पन्नाशीचा माणूस. त्याचं म्हणणं असं, की पेट्रोलची टाकी बैठकीखाली आहे. चढावर मोटारीचं नाक वर गेलं की तेल मागंच राहतं, इंजिनाला पोचत नाही. तेव्हा तिसऱ्या वळणाआधी मोटार फिरवायची आणि उलटी चढवायची. शेपूट वर, नाक खाली. मागं टपाची घडी असल्यानं सरकारांना रस्ता दिसायचा नाही, म्हणून कायताननं मागच्या फळीवर उभं राहून सांगायचं आणि सरकारांनी ऐकून चाक फिरवायचं.

“उलटी! सगळ्या छावणीसमोर! आणि मी डोळे असून आंधळा, नोकर म्हणेल तसा वळणार? हसतील लोक. आमच्या आजोबांनी ह्याच घाटात घोडा सरळ चढवला होता, महाराज.”

“घोड्याला टाकी नव्हती,” बाबा म्हणाले आणि टरफलं सुपातून खाली झटकली.

शिदोजीराव हसले नाहीत.

“मला उपदेश नको. अंगारा द्या. मोटारीच्या नाकाला लावतो. नाथाच्या मनात असेल तर सरळ चढेल.”

“मग नाथालाच विचारून ये की.”

भैरवनाथाचं देऊळ मठाच्या शेजारीच, नऊ दगडी पायऱ्या चढून. शिदोजीराव वर गेले, घंटा वाजवली, डोकं टेकलं. मागणं अगदी पोटातून आलं. तिथं कुणी जहागीरदार नव्हता. हरायला घाबरलेला पंचविशीतला एक पोर होता, इतकंच.

मग ते परत निघाले. हात जोडलेले, तोंड नाथाकडं, आणि पाय मागं मागं, एकेक पायरी चाचपत. लहानपणापासून असेच उतरत आले होते.

सात पायऱ्या झाल्या, आठ झाल्या…

“डावीकडे, सरकार,” मागून आवाज आला. “शेवटची फुटलीय.”

पाय आपसूक डावीकडं पडला. शिदोजीरावांनी पुन्हा एकदा नाथाला नमस्कार केला आणि वळले. बाबा अंगाऱ्याची वाटी घेऊन समोर उभे होते.

“असा उलटा का उतरलास?”

“असं काय विचारता, महाराज? देवाला पाठ दाखवायची नसते. सगळं गाव असंच उतरतं.”

“खरं आहे. चाळीस वर्षं बघतोय. अजून कुणी कुणाला हसलं नाही.”

शिदोजीरावांनी खाली वडाकडं, मोटारीकडं पाहिलं.

“आणि फुटकी पायरी कशी चुकवलीस?”

“कुणीतरी सांगितलं…”

त्यांनी बाजूला पाहिलं. पायऱ्यांच्या कडेला कायतान उभा होता. पायाशी गाठोडं. दुपारच्या बैलगाडीनं स्टेशनावर जायला निघालेला माणूस सावलीला थांबला होता. नोकरी सकाळीच गेली होती, तरी सरकार दिसले म्हणून सवयीनं उठून उभा राहिला होता.

शिदोजीरावांना लाज वाटली. चांगलीच वाटली, आणि ती लपवायला जागा सापडेना.

“कायतान…”

“सरकार?”

“मागं उभा राहशील?”

कायताननं पायाशी पडलेल्या गाठोड्याकडं पाहिलं.

“राहीन. पण मी ‘थांब’ म्हटलं की थांबायचं. आणि सकाळसारखं ओरडायचं नाही.”

“नाही ओरडणार.”

“मग आत्ताच एकदा चढवून बघू. उद्याच्या भरवशावर राहायला नको.”

त्यानं गाठोडं उचलून मोटारीत टाकलं आणि मागच्या फळीवर चढून टपाची दांडी धरली. शिदोजीराव लगबगीनं पुढं गेले. नाकावरचं पितळ त्यांनी उपरण्यानं लख्ख पुसलं, आणि अंगारा लावायला जागा करून हात जोडून बाजूला उभे राहिले.

बाबा सावकाश आले. पुसलेल्या पितळेजवळून तसेच पुढं गेले. मोटारीला अर्धा वळसा घालून मागं पोचले आणि त्यांनी अंगाऱ्याची बोटं वर केली.

कायताननं आधी छातीवर क्रूस काढला, मग वाकून कपाळ पुढं केलं.

“महाराज,” शिदोजीराव गोंधळून म्हणाले, “मोटारीचं पुढं इकडं आहे.”

बाबांनी त्या कपाळाला अंगारा लावला आणि बोटं खांद्यावरच्या छाटीला पुसली.

“पुढं कुठं, ते आता त्यालाच विचार.”