दुरावलेली पेठ

एका राज्यात एक पेठ होती. देशोदेशींची माणसं तिथं येऊन वसली होती आणि प्रत्येकानं आपापल्या मुलखासारखं घर बांधलं होतं. कासारांच्या घरांना नक्षीदार लाकडी सज्जे. अत्तरवाल्यांच्या कमानींना निळ्या फरश्या. हिमदेशच्या लोकरवाल्यांची छपरं उतरती, बर्फ साचू नये म्हणून. त्या राज्यात बर्फ कधी पडत नसे, तरीही. आणि रस्ता इतका चिंचोळा, की या सज्ज्यातून त्या सज्ज्यात कालवणाची वाटी देता येई.

पेठेत कमलजा नावाची गवंडीण राहत असे. तिचं माहेर कासारांच्या रांगेत, सासर बरोबर समोर, अत्तरवाल्यांच्या रांगेत. "माझ्या लेकीची वरात निघाली नाही तोच पोहोचली," असं तिची आई चंपा हसून सांगे.

राजा धवलकेतूला मात्र ही पेठ खुपे. त्याच्या विजययात्रेचे हत्ती तिथून एकामागून एक जात, जोडीनं मावत नसत. त्यानं कालजंघ मांत्रिकाला बोलावलं.

"रस्ता रुंद कर."

"करीन, महाराज. पण थांबवणं मला येत नाही."

"थांबवायला सांगितलंय कुणी?"

मांत्रिकानं मूठभर राख फुंकली. ओटे जमिनीत गेले, झाडं नाहीशी झाली, सगळी घरं एकसारखी पांढरीफटक झाली. रस्ता रुंदावला, आणि रोज रुंदावतच राहिला. जो ओलांडायला निघे, तो रणरणत्या मध्यावर पोहोचताच कुठं निघालो ते विसरे आणि माघारी फिरे.

त्याच दिवसांत कमलजेला मुलगी झाली. आई पलीकडच्या दारात उभी असे, तिळाएवढी दिसे. कमलजा बाळाला उंच धरी. आईला दिसलं की नाही, ते कळत नसे. एकदा ती बाळाला घेऊन निघालीसुद्धा. परत उंबऱ्यात आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कशाचं, हे तिला आठवेना.

एका सकाळी एक हळद्या पक्षी तिच्या उंबऱ्यावर येऊन बसला. त्याचंही झाड गेलं होतं.

"शापाला तीन गाठी आहेत," तो म्हणाला. "पहिली सुटेल कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या सावलीनं. दुसरी, परक्या भाषेच्या माणसाशेजारी बसल्यानं. तिसरी, राजाला वाकवणाऱ्या दारानं."

बाळाला पाठीशी बांधून कमलजा वडाच्या रानात गेली. तिथं एक यक्षिणी सावल्या राखीत असे.

"सावली कुणासाठी हवी? इथं आलेल्या राजपुत्रांनी स्वतःसाठी मागितली. मी दिली नाही."

"कुणासाठीच नाही. जो उन्हातून येईल, ती त्याची."

यक्षिणीनं एका वडाची सावली सोडवली, सतरंजीसारखी गुंडाळली आणि तिच्या हाती दिली. कमलजेनं ती रस्त्यात अंथरली. रस्त्याचं रुंदावणं थांबलं, पण सावलीपलीकडं पाऊल टाकलं की विसर पडेच.

सावलीत माणसं आली, पण वेगवेगळी उभी राहिली. एक म्हातारा लोकरवाला होता. त्याची भाषा कमलजेला येत नव्हती, तिची त्याला. ती भुईवर बसली आणि शेजारची जागा हातानं थोपटली. म्हातारा घुटमळला, मग बसला. बाळाचे उघडे पाय पाहून त्यानं काखोटीतली मऊ लोकर त्यांवर पांघरली आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला.

"हो ना," कमलजा म्हणाली, "फार पाय हलवते."

तेवढ्यात दोघांच्या खालून दगडी ओटा वर आला. रस्ता निम्मा झाला, आणि घरांचे रंग परतले.

आता उरलं दार. कमलजेनं आपल्या बाजूला घरोघरी जाऊन एकेक तुकडा मागितला. कुणी निळी फरशी दिली, कुणी उतरत्या छपराची फळी, कुणी बांगड्यांची काच. सावलीच्या टोकाशी, रस्त्याच्या मध्यावर तिनं बुटकी कमान उभारली. राजाची स्वारी आली, ती तिथं अडली; हत्ती कुठंही वळवला तरी कमान समोरच येई.

"यातून हत्ती जाणार नाही," राजा वरून म्हणाला.

"माणूस जाईल, महाराज."

"मला वाकावं लागेल."

"होय, महाराज."

शिपाई पुढं सरसावले. राजानं हात वर करून त्यांना थांबवलं.

"बाई, हा रस्ता रुंद झाल्यापासून मला कुणाचा चेहरा दिसलेला नाही," तो हळूच म्हणाला. "जयजयकार ऐकू येतो, तोही दुरून. माशी गुणगुणावी तसा."

कमानीपलीकडं बाळ खुदकन हसलं. कोण हसलं ते पाहायला राजा हत्तीवरून उतरला, मुकुट काढून हातात घेतला आणि वाकला.

रस्ता मिटत मिटत पूर्वीसारखा चिंचोळा झाला. समोरासमोरचे सज्जे पुन्हा जवळ आले. कालजंघ आपल्या राखेत मिसळून वाऱ्यावर गेला. हळद्या नव्यानं उगवलेल्या कडुलिंबावर जाऊन बसला. राजानं आज्ञा केली, की या पेठेतून यापुढं राजानंही पायी जावं, आणि सावली, ओटा, बुटकं दार यांना कुणी हात लावू नये.

कमलजेला यातलं काही ऐकू आलं नाही. चंपा दारातून निघाली होती, पदर सावरीत, भरभर. तिनं बाळ हातात घेतलं, छातीशी धरलं, त्याच्या टाळूचा वास घेतला. मग लेकीकडं डोळे वटारून पाहिलं.

"टोपडं कुठंय हिचं? उन्हाचं बोडकं फिरवतेस होय गं माझ्या नातीला?"

आणि कमलजा रडू लागली. का, ते तिला पुरतं ठाऊक होतं.