साहेबांची मालिका आणि मालनताईंचं मत

साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी टीव्हीवर मालिका काढली आणि कामगार कॉलनीची पंचाईत झाली. मालिकेला नावं ठेवणाऱ्या एका क्लार्कची लगेच बदली झाली होती.

कॉलनीत मत चालायचं ते मालनताईंचं. गॅसवर दूध ठेवून त्या टीव्हीसमोर बसायच्या. जी बघताना दूध उतू जाईल, ती मालिका चांगली! हे माप सगळ्या बायकांना ठाऊक होतं, साहेबांना नव्हतं.

गणपतीच्या आरतीला साहेब सपत्नीक आले आणि त्यांनी माइक थेट मालनताईंपुढं धरला. "बोला, कशी वाटते आमची मालिका? अगदी खरं सांगा!"

मागं उभ्या त्यांच्या नवऱ्यानं गणपतीकडं बघत हात जोडले. त्याची नोकरी अजून कायम व्हायची होती.

मालनताईंनी पदर सावरला. "साहेब, तुमची मालिका सुरू झाल्यापासून आमच्याकडं दूध एकदाही उतू गेलं नाही."

"वा! म्हणजे घराला शिस्त लागली!" साहेब खुलले. "टाळ्या!"

बायकांनी ओठ चावत टाळ्या वाजवल्या. नवऱ्याच्या जिवात जीव आला. साहेबांनी ऐटीत बायकोकडं पाहिलं, "ऐकलंत?"

वहिनीसाहेब मालनताईंकडं बघत म्हणाल्या, "ऐकलं. आपल्याकडंसुद्धा नाही गेलं हो, एकदाही."